देवीचा डावा हात

बेलापूर
१२ जानेवारी २०२५

ती. पुतळा आत्या,

नमस्कार. फोन केला तर तुला ऐकू येत नाही, मेसेज टाकला तर तू तो तुझ्या हितेशकडून वाचून घेतेस, म्हणून सरळ पेन हातात घेतलं.

यंदा जत्रेच्या नाटकात देवीचा पोशाख मी शिवणार आहे. तू शिवलेला जुना पोशाख उंदरांनी खाल्ला. देवळाच्या माळ्यावरची पेटी उघडली तर आत मखमलीचा भुसा, नुसती जरीची तार तेवढी शिल्लक. नाटकमंडळाचे आप्पा म्हणाले, भाड्याने आणू. मी म्हटलं, गावदेवीला भाड्याचं नको, मी शिवते. बोलून बसले. आत्तापर्यंत मी शिवलंय काय, तर ऑफिस सुटल्यावर शाळांच्या गॅदरिंगची फुलपाखरं आणि मावळे. ते एकदाच घालायचे असतात, म्हणून निभावून जातं.

देवी नेहमीप्रमाणे बाबाच होणार. ते बरे आहेत. फक्त या वेळी मला अष्टभुजा करायची आहे. सहा हात कापसाचे, पाठीवरच्या वेताच्या सांगाड्याला बांधलेले. बाबांनी उजवा हात वर केला की आठही हात एकदम वर गेले पाहिजेत. त्या हातांखाली वर्षभरात जन्मलेली पोरं धरतात, तेव्हा काही फाटून चालणार नाही.

माझी घरची मशीन मखमलीचे दोन थर घेते आणि तिसऱ्याला रुसते. म्हणून वाशीच्या एका दुकानात जाऊन आले. तिथे कॉम्प्युटरवाली मशीन आहे. पडद्यावर बोट ठेवलं की वेल, कोयरी, मोर आपले आपण काढते. मी तोंड उघडं टाकून बघत उभी राहिले. दुकानदार म्हणतो, घरी नेऊन वापरून बघा, नाही पटली तर परत आणा. तू सांग, घेऊ का?

तुझी,
जागृती


उरण
२० जानेवारी २०२५

चि. जागृती,

आशीर्वाद. गुडघे दुखतात, बाकी ठीक आहे. कानाचं मशीन कपाटात ठेवून दिलंय. ते लावलं की माणसं बोलण्याऐवजी कोणीतरी मासे तळतंय असं वाटतं.

मोर कशाला गं? मंडपाच्या मागच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला मोर दिसत नाही. तिला दिसते चमक आणि दिसतो घेर. रंगमंचावरचे कपडे लांबून बघायचे असतात, हातात घेऊन नाही. तुझ्या त्या मशीनचे मोर फक्त तुझ्या बाबाला, धर्माला दिसतील, आणि त्यालाही मान खाली घातली तरच.

मशीन बघायला पोरी रिकाम्या हाताने जातात आणि दुकानदाराने दिलेल्या मऊ चिंधीवर शिवून खूश होतात. तू आपलं कापड घेऊन जा. मखमल, अस्तर, ताठ बकरम आणि कॅनव्हास एकावर एक ठेव, घडी घाल आणि ती घडी मशीनच्या पायाखाली शिरते का ते आधी बघ. मग मोटर न लावता हाताने चाक फिरव. सुई आत जाताना वाकली तर तिथूनच नमस्कार कर. पायाने हलकं दाबलं तर एकच टाका पडला पाहिजे. नुसती पळणारी मशीन पोशाखाला कामाची नाही.

आणि मोटर चालू असताना मशीनच्या डोक्यावर तळहात ठेव. मला ऐकू येत होतं तेव्हाही मी मशीन हातानेच ओळखायचे. चांगली मशीन कुशीत झोपलेल्या मांजरासारखी थरथरते. वाईट मशीन हाताला चावते.

दरवेळी तुझ्या पत्राखाली धर्मा दोन ओळी खरडतो. या वेळी काही नाही. एवढा कसला बिझी आहे?

तुझी आत्या,
पुतळा


बेलापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

तुझं ऐकलं नाही आणि कॉम्प्युटरवाली घरी आणली. मखमलीवर मोर सुरेख आला. मग कॅनव्हासची चौपदरी घडी घातली आणि सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. तिसऱ्या वेळी पडद्यावर काहीतरी इंग्रजीत लिहून आलं आणि बाईसाहेब बंदच पडल्या. परत देऊन आले.

पण आत्या, मला मशीन मिळाली. महापेला बॅगा शिवणारा एक कारखाना बंद होतोय. आपल्या गावचा मितेश तिथेच मागच्या कंपनीत आहे, तो म्हणाला बघून तरी ये. शेडमध्ये एका रांगेत मशिनी उभ्या होत्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या. मी तू सांगितलेली घडी पायाखाली सरकवली आणि हाताने चाक फिरवलं. सुई सरळ आत गेली. जराही थरकली नाही. आणि गंमत अशी की या मशीनचा वरचा पायसुद्धा पुढे सरकतो. खालचे दाते कापड ओढतात, त्याच वेळी वरचा पाय उचलून पुढे पडतो. वरचा थर मागे राहत नाही आणि खालचा पुढे पळत नाही. माणूस चालतो तशी ती कापडावरून पावलं टाकत चालली होती. मी चाक फिरवत राहिले. शेडमधला माणूस म्हणाला, मॅडम, मोटर लावा की. मला लावावीशीच वाटेना. एवढं लोखंड आणि इतकं नाजूक चालणं, माझ्या अंगावर काटा आला.

नंतर मोटर लावली आणि तळहात ठेवला. मांजर.

सोबत तुकडा पाठवते आहे. मखमल, बकरम, कॅनव्हास आणि त्यावर कंटेनर बांधायचा पट्टा, सगळं तिथेच एकत्र शिवलंय. हितेशच्या यार्डात टाकून दिलेले पट्टे त्यानेच आणून दिले. आता जाकीट कापायचं आहे. मापं आणि आकृती मागच्या पानावर आहेत. डावी बाही मनगटापासून काखेपर्यंत उघडी ठेवून हुक लावायचे आहेत, तिथे काज किती अंतरावर घेऊ ते सांग.

बाबा मजेत आहेत.

जागृती


उरण
१६ फेब्रुवारी २०२५

चि. जागृती,

तुझा तुकडा दोन दिवस उशाशी ठेवला होता. उलटा केला, सुलटा केला, पुढची बाजू कुठली ते मला ओळखता आलं नाही. पट्टा दातात धरून ओढला. दात हलला, टाका हलला नाही. मी आयुष्यभर शिवलं, पण असा टाका माझ्या हातून पडला नाही. ही मशीन सोडू नकोस.

बॅगा चामड्याच्या होत्या का, हे विचारणार होते. विचारत नाही.

दुसरंच विचारते. उजव्या दंडाचं माप आहे त्यापेक्षा डाव्याचं इतकं कमी कसं? तू टेप नीट धरतेस, मीच शिकवलंय. आणि ज्या माणसाला हात वर करून बाहीत घालता येतो त्याला उघडी बाही कशाला लागते? पट्टा उजव्या कोपरापासून निघतो आणि डाव्या मनगटाला येतो, असं तू काढलंयस. कापसाच्या हातांना पट्टा समजू शकते. माझ्या भावाच्या हाताला पट्टा कशाला?

धर्माने दोन पत्रांत एक ओळ लिहिलेली नाही. खरं काय ते लिही.

पुतळा


बेलापूर
२१ फेब्रुवारी २०२५

आत्या,

दिवाळीच्या पाडव्याला बाबांना अर्धांगाचा झटका आला. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बाबांनी मला आणि हितेशला शपथ घातली की तुला कळवायचं नाही, तू काठी टेकत धावत येशील. पाय सुधारला, चालतात. बोलणं जड झालंय. डावा हात मात्र गेलाय. जेवताना तो ताटाशेजारी नीट ठेवतात आणि त्याच्याकडे बघत नाहीत.

जानेवारीत नाटकाची बैठक झाली. आप्पांनी सांगितलं की देवीचा शेवटचा प्रवेश बिनबोलाचा आहे, तेव्हा बोलण्याची अडचण नाही. पण हात? ते बाबांच्या तोंडावरच म्हणाले, “धर्मा, दोनी हात वर गेले पायजेत. पोरां धरायची हायत खाली. नाय तर मितेश उभा राहील.” मितेश चांगला मुलगा आहे, तो मान खाली घालून बसला. घरी आल्यावर बाबांनी भिंतीवरचा देवीच्या वेषातला स्वतःचा फोटो उतरवला आणि पलंगाखाली सरकवला. तेव्हा मी ठरवलं की तो हात वर जाणार.

उजवा कोपर उचलला की पट्टा ओढला जातो. तो उजव्या कमरेवरच्या कडीतून पाठीवर जातो, डाव्या खांद्यामागच्या उंच कडीतून उतरतो आणि डाव्या हाताला वर घेतो. कापसाचे हात त्यालाच जोडलेत. सगळा भार कमरेच्या शिवणीवर येतो. पहिली दोन जाकिटं तिथेच फाटली, ती मी घरच्या मशीनवर शिवली होती. म्हणून ही मशीन हवी होती, मोरासाठी नाही.

तुझ्यापासून लपवलं, रागावू नकोस. रागावलीस तरी उत्तर पाठव.

जागृती


उरण
२७ फेब्रुवारी २०२५

जागृती,

रागावले आहे. तुमच्या तिघांवरही. पोटचा हितेश रोज समोर बसून जेवतो आणि तोंडातून शब्द काढत नाही, त्याला दोन दिवस भाजी आळणी दिली.

काल रात्री खूप रडले. लहानपणी धर्माचा हात धरून मीच त्याला खाडी ओलांडून शाळेत न्यायची. तो डावाच हात होता, उजव्या हातात पाटी असायची.

आता कामाचं. कमरेच्या शिवणीला एक रांग घालू नकोस. चौकोन शिव आणि त्यात तिरकी फुली मार, म्हणजे ओढ चारही बाजूंनी वाटली जाते. डाव्या बाहीला आतून मऊ सुती अस्तर लाव. बधिर हाताला टोचलेलं कळत नाही, जखम झाली तरी तो सांगणार नाही. काज दोन बोटं अंतरावर घे. हुक मी लावेन. देवीला नेसवायचा मान माहेरवाशिणीचा असतो आणि मी अजून जिवंत आहे. जत्रेला येते. आता रेल्वेही झाली आहे.

पुतळा


बेलापूर
१० मार्च २०२५

ती. आत्या,

मशीन अडली आहे. काल टेम्पोतून घरी आणली. शेजारपाजारच्या बायका जमल्या, आम्ही यथासांग पूजा केली, नारळ फोडला. दुपारी शिवायला बसले तर खाली दोऱ्याचा गुंता होतोय आणि चाक मध्येच अडकतंय. दोरा बदलला, सुई बदलली, टेन्शन सैल करून पाहिलं, घट्ट करून पाहिलं. तळहात ठेवला तर चावते.

नेमके त्याच वेळी आप्पा आले. कुठून तरी त्यांना कळलंय की या मशीनवर चामड्याच्या बॅगा शिवल्या जायच्या. म्हणाले, “बघ, देवीला चालत नाय. तिनं थांबवली.” बाबा उठून आत गेले. आप्पा वाईट माणूस नाही, त्यांना खरंच भीती वाटते. आणि खरं सांगू, मलाही वाटली. तेव्हापासून मी मशीनला हात लावलेला नाही.

काय करू?

जागृती


उरण
१४ मार्च २०२५

चि. जागृती,

पूजा केलीस तेव्हा अक्षता टाकल्या असतील. मशीन मागे कलती कर, खालच्या दोऱ्याचं शटल सोडव आणि तांदळाचा दाणा शोध. माझ्या लग्नात आलेली मशीन याच कारणाने महिनाभर अडून बसली होती आणि सासूने मला पांढऱ्या पायाची ठरवलं होतं. दाणा काढलास की कुंकूही पुसून घे, ते तेलात कालवलं की राळ होते.

आप्पाला विचार, देवीपुढे जो ढोल वाजतो तो कशाने मढवलाय. त्या ढोलाशिवाय तिची पालखी उठत नाही.

पुतळा


बेलापूर
२८ मार्च २०२५

ती. आत्या,

दाणा सापडला. अख्खा, तुटलासुद्धा नव्हता. आप्पांना दाखवला आणि ढोलाचं विचारलं. त्यांनी दाणा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला, मग स्वतःच मशीनच्या पाया पडून गेले.

जाकीट झालं. चौकोन आणि फुली मारलेली शिवण मशीनने एका दमात पार केली, पट्ट्याचे दोन पदर आणि कापडाचे चार. काल देवळात तालीम झाली. मेकअप नाही, मुकुट नाही, बाबा नुसत्या लेंग्यावर जाकीट घालून उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात उचलला. आत्या, आठही हात वर गेले. मी स्वतः कापलेलं आणि स्वतः शिवलेलं, कुठला पट्टा कुठून जातो ते डोळे मिटून सांगेन. तरी मी दोन पावलं मागे सरले. मितेशने सगळ्यांच्या आधी हात जोडले. आप्पांनी तिथेच सांगितलं, देवी धर्माच.

पण बाबा घरी आले आणि म्हणाले, नको. जड जिभेने, तुटक तुटक बोलत त्यांनी सांगितलं, “हात माजा नाय. पट्ट्याचा हाय. लोकांच्या पोरांना खोट्या हाताखाली कसा धरू?” तेव्हापासून हेच चाललंय. मितेशला उभं करा म्हणतात. मी काही बोलले की उठून जातात. सगळं जमलं आणि आता घालणाराच नाही म्हणतो.

जागृती


उरण
२ एप्रिल २०२५

चि. जागृती,

हे पत्र धर्माला दे.

धर्मा, तू जन्मभर मिशी उतरवून देवी झालास. छातीला कापसाचे गोळे मीच बांधले. मुकुट पुठ्ठ्याचा, त्रिशूळ पत्र्याचा. त्यात तुला कधी खोटं दिसलं नाही. आता कापसाच्या सहा हातांनाही तुझी हरकत नाही. एकट्या डाव्या हातालाच तेवढा खरा राहायचा हट्ट का? तो तुझा आहे म्हणून? तिथे उभा राहतोस तेव्हा उजवा तरी तुझा असतो का?

मी शुक्रवारी येते. हुक लावायला. तुला उभं राहायचं नसेल तर तसं माझ्या तोंडावर सांग. मला ऐकू येत नाही, तेव्हा मोठ्याने सांग.

पुतळा


बेलापूर
१९ एप्रिल २०२५

ती. ताई,

जत्रेत तू चार दिवस इथे होतीस, पण बोलता आलं नाही. माझी जीभ जड आणि तुझे कान बंद. त्या रात्री नक्की काय झालं ते तुला कळावं म्हणून लिहितो आहे. उजवा हात शाबूत आहे, त्याचा हा उपयोग.

तुझं पत्र वाचूनही माझं मन वळलं नव्हतं. तू हुक लावत होतीस तेव्हा मी मनात ठरवलं होतं की तुझा आणि जागृतीचा मान राखण्यासाठी रंगमंचावर उभा राहायचं, पण हात उचलायचा नाही. नुसतं उभं राहायचं. लोक काय समजायचं ते समजतील.

पडदा वर गेला. ढोल सुरू झाला. पहिली आली ती राजेश्वरी, आपल्या किसनची सून. तिने पोर दोन्ही हातांवर घेऊन समोर धरलं. पोर रडत होतं. आणि ताई, माझा उजवा हात उठला. मी उचलायचं ठरवलं नव्हतं, इतक्या वर्षांची सवय, पोर समोर आलं की तो उठतोच. तो उठला आणि माझ्या कानाजवळून काहीतरी वर गेलं. मी मान वळवली. माझा डावा हात होता. दिवाळीपासून मी तो कमरेच्या वर पाहिला नव्हता. बांगड्या भरलेला, पंजा उघडा, दिव्यात सोन्यासारखा चमकत होता. मागे सहा हात होते. पोर रडायचं थांबलं आणि वर बघायला लागलं.

मी इतकी वर्षं देवी झालो. लोक माझ्याकडे बघून रडायचे, त्यांच्या अंगात यायचं, ते पाया पडायचे. मला वाटायचं, मी काम चांगलं करतो. ते काय बघत होते ते मला कधीच दिसलं नाही, कारण मी आत होतो. त्या रात्री पहिल्यांदा मी थोडा बाहेर उभा होतो आणि मला दिसलं. कमरेची शिवण मला माहीत आहे. जागृतीला ती शिवताना मी खाटेवरून बघितलंय, चौकोन आणि त्यात फुली. पट्टा कुठून येतो तेही ठाऊक आहे. सगळं माहीत असूनही माझ्या अंगावर शहारा आला आणि तो प्रवेश संपेपर्यंत गेला नाही.

एकामागून एक पोरं येत होती. हात दुखायला लागला, उजवा, तरी मी खाली घेतला नाही. खाली मंडपात अख्खं गाव हात जोडून उभं होतं. आप्पा, मितेश, तू. आणि विंगेत जागृती उभी होती, हातात सुई-दोरा घेऊन, काही उसवलं तर धावत यायला. ती वर माझ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे माझ्या कमरेच्या शिवणीवर होते.

सगळं गाव माझ्याकडे बघून हात जोडत होतं, ताई. मला तिच्याकडे बघून जोडायचे होते. पण माझे आठही हात वर होते आणि त्यांच्याखाली लोकांची पोरं होती.

तुझा,
धर्मा